मालकाची श्रद्धा, कंपनीची जाहिरात आणि आपला रुग्ण

२०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, करवा चौथ व्रताच्या तोंडावर, डाबर कंपनीने आपल्या 'फेम' या ब्लीचची एक जाहिरात समाजमाध्यमांवर प्रसृत केली. दोन तरुणी व्रताची तयारी करीत आहेत, एक दुसरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावते आहे, घरातील एक स्त्री येऊन दोघींना नवी वस्त्रे देते आणि अखेरीस चंद्रोदयानंतर त्या दोघी चाळणीतून एकमेकींचेच मुख पाहतात, असा त्या जाहिरातीचा आशय होता. दोघी परस्परांसाठी व्रतस्थ आहेत हे शेवटच्या दृश्यातच उमगते. २४ ऑक्टोबरला व्रत झाले. मध्य प्रदेशाचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्र यांनी या जाहिरातीस तीव्र आक्षेप घेऊन कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि २५ ऑक्टोबर रोजी कंपनीने जाहिरात मागे घेऊन बिनशर्त क्षमा मागितली. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एका भाषणात या प्रसंगाचा उल्लेख करून, लोकांच्या असहिष्णुतेमुळे एक जाहिरात मागे घ्यावी लागली, अशी खंत व्यक्त केली.

आपल्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे काही वैद्यमित्र विचारतील. त्यांना आमचे नम्र निवेदन असे की, ज्या कंपनीने ही जाहिरात केली आणि मागे घेतली, तिचे च्यवनप्राश, हिंगाष्टक आणि मध आपल्यापैकी बहुतेक औषधी दुकानांच्या फळीवर आज आहेत. १८८४ साली कलकत्त्यात डॉ. एस. के. बर्मन यांनी स्थापन केलेली, 'डाक्तर' आणि 'बर्मन' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून नाव घेतलेली ही संस्था आयुर्वेदाच्या व्यापारातील सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक आहे. फेम ही मूळची मुंबईच्या दुसऱ्या कंपनीची निर्मिती. २००८-०९ च्या सुमारास ती डाबरकडे आली. ब्लीच म्हणजे आयुर्वेद नव्हे, हे आम्हीही जाणतो. परंतु 'डाबर' हा शब्द ग्राहकाच्या मनात आयुर्वेदाशीच जोडलेला आहे, आणि त्या शब्दाची नामुष्की वा कीर्ती थोड्याफार प्रमाणात आपल्याही वाट्याला येते.

त्या जाहिरातीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली, हे येथे नमूद केले पाहिजे. व्रताचे पावित्र्य मानणाऱ्यांना ती दुखावणारी वाटली. उलट, समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांपैकी काहींनी विचारले की, पतीच्या आयुष्यासाठी पत्नीने उपाशी राहण्याची प्रथा आणि गोरेपणाचा सोस या दोन्ही गोष्टी तशाच ठेवून केवळ पात्रे बदलल्याने काय साधले? आम्हांस हा दुसरा आक्षेप अधिक सखोल वाटतो. वर्णाविषयीचा न्यूनगंड विकणाऱ्या वस्तूने स्वाभिमानाची भाषा करावी, हे विसंगतच आहे. तरीही पहिल्या आक्षेपाची टवाळी करण्याचे कारण नाही. करवा चौथ हे आपले व्रत नव्हे. पण वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळणाऱ्या दोन स्त्रिया परस्परांसाठी तो गुंडाळीत आहेत, अशी जाहिरात जर पुण्या-नाशकाच्या वृत्तपत्रात आली असती, तर आपल्याच घरांतून कोणते शब्द ऐकू आले असते, याची कल्पना प्रत्येकाने स्वतः करावी.

या प्रकरणात एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली. कंपनीच्या मालकांची धार्मिक श्रद्धा काय आहे, त्यांना समलिंगी प्रेमाविषयी काय वाटते, याविषयी बर्मन कुटुंबातून एक शब्दही आला नाही. १९९८ सालीच या कुटुंबाने दैनंदिन कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांच्या हाती सोपविला होता. त्यामुळे जाहिरात दाखविणे हा जसा बाजारपेठेचा हिशेब होता, तसाच ती मागे घेणे हाही हिशेबच असावा, असे आमचे अनुमान आहे. तिच्यामागे श्रद्धा असती तर ती तीन दिवसांत विरघळली नसती. तिच्याविरुद्ध श्रद्धा असती तर ती मुळात निघालीच नसती. ज्या तरुण-तरुणींनी ती पाहून क्षणभर आनंद मानला असेल, त्यांना मात्र असा निरोप मिळाला की, त्यांचे चित्र ही क्षमा मागण्याजोगी वस्तू आहे. आमच्या मते ती जाहिरात मुळीच न काढण्यापेक्षा काढून क्षमा मागणे हे अधिक हानिकारक झाले.

याउलट, मालकाने आपली श्रद्धा उघडपणे बोलून दाखविली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे परदेशात आहेत. दोन्ही खाद्यपदार्थांच्या व्यवसायातील आणि दोन्ही कौटुंबिक मालकीच्या कंपन्यांची आहेत, म्हणून आपल्या फार्मसीमालकांनी ती विशेष लक्ष देऊन वाचावीत.

पहिले उदाहरण अमेरिकेतील 'चिक-फिल-ए' या कोंबडीचे पदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांच्या साखळीचे. संस्थापक ट्रुएट कॅथी हे श्रद्धाळू बॅप्टिस्ट ख्रिस्ती. त्यांच्या नियमानुसार आजही रविवारी त्यांचे एकही दुकान उघडत नाही. आठवड्यातील कमाईचा एक दिवस श्रद्धेपायी सोडणारा व्यापारी विरळाच, आणि त्याबद्दल आम्हांस आदरच वाटतो. २०१२ च्या जुलैमध्ये त्यांचे पुत्र आणि कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष डॅन कॅथी यांनी मुलाखतींतून सांगितले की, कुटुंबाची बायबलमधील व्याख्या आपल्याला मान्य आहे आणि तिला आपला पाठिंबा आहे. त्याबरोबर असे उघड झाले की, कंपनीशी संलग्न धर्मादाय न्यासाने समलिंगी विवाहास विरोध करणाऱ्या संस्थांना देणग्या दिल्या आहेत. बहिष्काराची हाक दिली गेली. काही शहरांच्या लोकप्रतिनिधींनी नवे दुकान उघडू देणार नाही, असे सांगितले. प्रत्युत्तरादाखल १ ऑगस्ट रोजी समर्थकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. गंमत अशी की, या कंपनीची १९९५ पासूनची प्रसिद्ध जाहिरात म्हणजे, 'कोंबडी खा' असे फलक घेऊन उभ्या असलेल्या गायी! आपल्याकडे ही कल्पना गोप्रेमींनीही उचलून धरली असती. त्या जाहिरातीत ना पती होता, ना पत्नी, ना विवाह. परंतु त्या महिन्यापासून मालकाचे वाक्य हीच कंपनीची जाहिरात झाली. त्या दुकानात जाणे किंवा न जाणे यालाच मताचे रूप आले. २०१४ मध्ये डॅन कॅथी यांनी, विवाहाविषयीचे आपले मत बदललेले नाही, पण कंपनीला या वादात ओढावयास नको होते, अशा आशयाची कबुली दिली. आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने आपल्या देणग्यांचे धोरण बदलल्याचे जाहीर केले. त्यावर पूर्वीचे समर्थकही रुष्ट झाले.

दुसरे उदाहरण इटलीतील बरिला कंपनीचे. १८७७ साली पार्मा येथे स्थापन झालेली ही शेवया-पास्त्याची कंपनी आज त्याच कुटुंबाच्या चौथ्या पिढीच्या हाती आहे. जेथे बरिला तेथे घर, अशा आशयाचे तिचे घोषवाक्य आणि जेवणाच्या मेजाभोवती आई-वडील-मुले, हे तिच्या जाहिरातींचे ठरलेले चित्र. २५ सप्टेंबर २०१३ रोजी अध्यक्ष ग्विदो बरिला यांना एका रेडिओ कार्यक्रमात थेट विचारण्यात आले की, तुम्ही समलिंगी कुटुंब दाखविणारी जाहिरात कराल का? त्यांनी सांगितले की, आपण ती करणार नाही. कुटुंबाचे पावित्र्य हे कंपनीच्या मूलभूत मूल्यांपैकी एक आहे. आणि ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी दुसऱ्या कंपनीचा पास्ता खावा. येथे सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. त्यांनी चर्चच्या कोणत्याही आज्ञेचा आधार घेतला नाही आणि समलिंगी विवाहालाही विरोध केला नाही. दत्तक घेण्यास मात्र केला. त्यांची 'पवित्रता' धर्मग्रंथातून कमी आणि स्वयंपाकघरातून अधिक आलेली होती. आपल्याकडील 'संस्कार' या शब्दाचेही अनेकदा असेच असते.

त्या वाक्याने अनेक देशांत बहिष्कार उसळला. जर्मनीतील एका प्रतिस्पर्धी कंपनीने, प्रेम आणि पास्ता सर्वांसाठी आहे, अशा आशयाचे चित्र तत्काळ प्रसिद्ध करून संधी साधली. ग्विदो बरिला यांनी एकाहून अधिक वेळा क्षमा मागितली. केवळ क्षमा मागून ते थांबले असते तर डाबरच्या प्रकरणात आणि त्यांच्यात फरक राहिला नसता. मात्र त्यांनी बाहेरील व्यक्तींचे एक सल्लागार मंडळ नेमले, त्यात अमेरिकेतील समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते डेव्हिड मिक्सनर यांना घेतले आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांचे नियम बदलले. वर्षभरातच, २०१४ च्या अखेरीस, समलिंगी कर्मचाऱ्यांना समान वागणूक देणाऱ्या कंपन्यांच्या एका अमेरिकी मानांकनात बरिलाला १०० पैकी १०० गुण मिळाले. २०१८ मध्ये कंपनीने एका विशेष आवृत्तीच्या खोक्यावर एकच शेवई दोन टोकांनी खाणाऱ्या दोन स्त्रियांचे चित्र छापले. ग्विदो यांची अंतःकरणातील श्रद्धा बदलली की नाही हे त्यांचे त्यांना ठाऊक, आणि ते जाणून घेण्याचा अधिकार ग्राहकालाही नाही. बदलले ते कारखान्यातील वर्तन. वैद्याच्या भाषेत सांगावयाचे तर लक्षणावर लेप न लावता निदानपरिवर्जन झाले.

कंपनीला धर्म असू शकतो का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंतही गेला. 'हॉबी लॉबी' या शोभेच्या वस्तू विकणाऱ्या कौटुंबिक कंपनीच्या खटल्यात ३० जून २०१४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, मोजक्या व्यक्तींच्या मालकीच्या कंपनीस मालकांच्या धर्मश्रद्धेच्या आधारे काही गर्भनिरोधकांचा विमाखर्च नाकारता येईल. विषय वेगळा होता, पण तत्त्व दूरवर पोहोचणारे आहे. आणि श्रद्धा नेहमी एकाच बाजूला असते असेही नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे लिहिले, तेव्हा ते असणे ही ईश्वराने दिलेल्या थोर देणग्यांपैकी एक आहे, असा भाव त्यांनी व्यक्त केला. एकाच्या श्रद्धेने जे वर्ज्य ठरविले, तेच दुसऱ्याच्या श्रद्धेने प्रसाद मानले.

आता आपल्या अंगणात येऊ. ११ डिसेंबर २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून कलम ३७७ पुन्हा पूर्णतः लागू केले. त्या वेळी योगगुरू स्वामी रामदेव यांनी निकालाचे स्वागत केले, समलिंगी असणे ही वाईट सवय आहे असे सांगितले आणि अशा व्यक्तींना आपल्या आश्रमात येण्याचे आवाहन करून त्यांना 'बरे' करण्याची हमी दिली. त्या वेळच्या सर्व वृत्तपत्रांत हे प्रसिद्ध झाले आहे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, म्हणून २०१३ चे ते वाक्य जुने झाले असे कोणी म्हणेल. ते जुने झालेले नाही, असा आमचा अनुभव आहे.

कॅथी आणि बरिला यांच्या विधानांत आणि या विधानात जो भेद आहे, तो वैद्याने डोळ्यांत तेल घालून पाहावा. एक कोंबडी विकतो, दुसरा पास्ता. त्यांचे मत चुकीचे असेल वा बरोबर, ते मतच राहते. ते ऐकून कोणी औषध घेत नाही. परंतु योग आणि औषध यांच्या बळावर देशभर दुकानांचे जाळे उभे करणाऱ्या संस्थेचा सर्वांत परिचित चेहरा जेव्हा श्रद्धेतून आलेले मत चिकित्सेच्या भाषेत मांडतो, तेव्हा मताचा दावा होतो आणि दाव्याचा रुग्ण. ज्याला व्याधी नाही त्याचा रुग्ण करणे हा मिथ्यायोगच होय. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्य व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींवरून याच पतंजली समूहाला वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावयास लावली, तेव्हा आपल्या क्षेत्रात पुष्कळ चर्चा झाली. समलिंगी व्यक्तींना 'बरे' करण्याची ती जुनी हमी मात्र त्या चर्चेत आमच्या तरी कानी आली नाही.

संहिता या विषयावर काय सांगतात? चरकसंहितेच्या शारीरस्थानातील अतुल्यगोत्रीय अध्यायात द्विरेता, पवनेंद्रिय, संस्कारवाही, नरषंढ, नारीषंढ, वक्री, ईर्ष्याभिरती आणि वातिकषंढक असे आठ प्रकार आले आहेत. सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे पाच वर्णिले आहेत. दोन स्त्रियांच्या परस्परसंगाचा उल्लेखही त्याच अध्यायात गर्भविचाराच्या ओघात येतो. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात हे श्लोक आपण सर्वांनी पाठ केले आणि परीक्षेनंतर बहुधा विसरलो. यांतील कोणताही प्रकार आजच्या 'समलिंगी' या संज्ञेशी तंतोतंत जुळत नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. आचार्यांनी या अवस्थांना विकृती म्हटले आहे आणि चरकांनी त्यांचा संबंध पूर्वकर्माशी जोडला आहे, हेही लपविण्याचे कारण नाही. संहितांमध्ये समलिंगी प्रेमाचे समर्थन शोधणारे काही उत्साही लेखक हा भाग गाळतात. तसे करणे प्रामाणिक नव्हे.

तरीही एक गोष्ट या वर्णनांत ठळक आहे. दोन्ही आचार्यांनी कारण शोधले ते बीजात, शुक्रशोणितात, गर्भाधानाच्या काळात आणि गर्भातील वायूच्या विकृतीत. या व्यक्तीने वाईट संगतीने किंवा आळसाने ही सवय लावून घेतली, असे या प्रकरणांतील मुख्य प्रतिपादन नाही. म्हणजे 'ही वाईट सवय आहे आणि ती आम्ही सोडवू' हे विधान आधुनिक शास्त्राला जसे अमान्य आहे, तसेच ते या अध्यायांच्या विचारसरणीतही बसत नाही. आयुर्वेदाच्या नावाने ते विकता येणार नाही. विकृती या शब्दाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या वर्गीकरणातून वगळले आणि भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर स्पष्टच सांगितले आहे की, समाजात प्रचलित नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कोणी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरविता येणार नाही. श्रद्धा आणि निदान यांच्यामध्ये कायद्याने जी भिंत घातली, ती याहून नेमक्या शब्दांत आम्ही अन्यत्र वाचलेली नाही.

आमच्या चिकित्सालयात अधूनमधून असे पालक येतात. मुलगा विशी-बाविशीचा असतो, कधी शहरात शिकणारा, कधी गावातच दुकान सांभाळणारा. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर त्याने घरी काही सांगितलेले असते, किंवा त्याच्या भ्रमणध्वनीतून घरच्यांना ते समजलेले असते. वडील खाली मान घालून बसतात, आई मात्र बोलते: "वैद्यराज, तुमच्याकडे यावर काही काढा असेल ना? टीव्हीवर तर सांगतात की होतं बरं." अशाच एका मुलाला आमच्याकडे येण्यापूर्वी एका केंद्रातून पाच महिने वृष्य कल्प आणि उष्णवीर्य रसकल्प दिले गेले होते. अम्लपित्त बळावले होते, निद्रा नष्ट झाली होती, वजन घटले होते, हृद्‌द्रव होता. मूळ 'तक्रार' तेथेच होती. ती जाणार कशी? वाजीकरणाने कामाची शक्ती वाढेल, कामाची दिशा बदलणार नाही. हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता यावे.

त्या मुलाला आम्ही रसकल्प थांबवून पित्तशमनाची आणि निद्रेची चिकित्सा दिली, पादाभ्यंग व शिरोभ्यंग सांगितले आणि दोन भेटींनंतर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले, कारण त्याच्या बोलण्यात जीविताविषयीची उदासीनता आम्हांस गंभीर वाटली. पालकांना पाठविले ते वेगळ्या वेळी. त्यांचा शोक खरा होता आणि त्यालाही वेळ द्यावा लागतो. वडिलांनी एकदा विचारले, "हे आमच्या धर्मात बसतं का?" आम्ही म्हटले, "धर्माचं गुरुजींना विचारा. मी वैद्य आहे. मला एवढंच कळतं की याला आजार नाही, आणि तुम्ही याला औषध देत राहिलात तर होईल."

या संदर्भात व्यावसायिकांनी जाणून घ्यावे असे काही. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी दोन तरुणींच्या याचिकेवर आदेश देताना, लैंगिक कल बदलण्याचे वैद्यकीय प्रयत्न रोखण्यास सांगितले. त्याच प्रकरणाच्या पाठपुराव्यातून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्य वैद्यक परिषदांना पत्र पाठवून असे 'परिवर्तनोपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. हा आयोग आधुनिक वैद्यकाचा. आपली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून नाही, असा तांत्रिक बचाव कोणी करील. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरास जे करणे गैरवर्तन, ते आम्ही करू शकतो, असा अर्थ त्यातून निघतो. आणि समान प्रतिष्ठेसाठी इतकी वर्षे झगडणाऱ्या आपल्या संघटनांना तो मानवणारा नसावा.

फार्मसीमालकांकडे वळतो. प्रत्येक आयुर्वेदीय कंपनीने समलिंगी जोडपी दाखवावीत, असा आमचा आग्रह नाही. शतावरी कल्पाच्या खोक्यावर माता आणि बालक असते, अश्वगंधाच्या पत्रकावर पती-पत्नी. ते तसेच राहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही. आपल्या उद्योगातील बहुतेक मालक देवभोळे आहेत. कारखान्यात धन्वंतरीची प्रतिमा असते आणि धनत्रयोदशीला पूजा झाल्याखेरीज खलास हात लागत नाही. आमच्या चिकित्सालयातही हेच चालते. मालकाने काय मानावे हा त्याचा प्रश्न. परंतु विक्री प्रतिनिधी घेऊन येतो त्या पत्रकांत 'विकृत सवयी', 'अनैसर्गिक ओढ' असे शब्द योजून एखादा वृष्य कल्प खपविला जात असेल, तर तो कागद गल्ल्यावर ठेवणारा दुकानदार त्या दाव्यात सहभागी होतो. असे पत्रक आम्ही गेल्या दोन वर्षांत दोन वेळा परत पाठविले. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने लैंगिक शक्तीविषयीच्या दाव्यांना मनाई केलेलीच आहे. हे शब्द त्या मनाईला वळसा घालण्यासाठीच निवडलेले असतात.

आणि दुसऱ्या प्रकारची जाहिरातही आपल्याच फळीवर आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विक्स व्हेपोरब भारतात आयुर्वेदीय औषध म्हणून विकले जाते. २०१७ साली त्या अमेरिकी कंपनीने जी जाहिरात केली, तिच्यात एक मुलगी प्रवासात आपल्या आईविषयी सांगते. पोरकी झाल्यावर तिला जवळ घेणारी ही आई म्हणजे मूळच्या पुण्याच्या आणि मुंबईत कार्य करणाऱ्या गौरी सावंत. त्या तृतीयपंथी आहेत, म्हणजे येथे प्रश्न समलिंगी असण्याचा नाही, लिंगभावाचा आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये. पण व्यापारी दृष्टीने शिकण्याजोगी बाब एकच आहे. ती कथा प्रत्यक्ष जीवनातील होती, कोणत्याही व्रतावर वा सणावर आरूढ झालेली नव्हती, आणि तिच्यात औषधाचे काम, म्हणजे आजारी लेकराच्या अंगावरून फिरणारा हात, हेच सांगितले होते. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि कंपनीला ती मागे घ्यावी लागली नाही. त्या जाहिरातीत ती मुलगी म्हणते की, आईला वाटते मी डॉक्टर व्हावे, पण मी वकील होणार. कारण आईला जे हक्क नाहीत ते मिळवून द्यावयाचे आहेत.

डाबरच्या करवा चौथनंतरच्या आठवड्यात आमच्या परिचयाच्या एका औषधी दुकानात दोन ग्राहकांनी, एकाने जाहिरात केली म्हणून आणि दुसऱ्याने ती मागे घेतली म्हणून, त्या कंपनीचे च्यवनप्राश नाकारले. दुकानदाराने दोघांनाही दुसऱ्या फार्मसीचे दिले. त्या दुसऱ्या फार्मसीच्या मालकाची श्रद्धा कोणती, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.